खाजणाची राखण आणि आराखड्याची भाषा

नववीच्या वर्गाला मराठी शिकवताना मी दरवर्षी एक घटक पाठ्यपुस्तकाबाहेरचा घेतो. एखाद्या सरकारी कागदातला उतारा मुलांना द्यायचा आणि त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच्या मराठीत लिहायचा, असा हा घटक आहे. तीन वर्षांपूर्वी किनारी क्षेत्राच्या आराखड्यातला एक परिच्छेद मी मराठीत उतरवून दिला होता. त्यात ‘ना-विकास क्षेत्र’ असा शब्द होता. एका मुलीने त्याचा अर्थ लिहिला : ‘जिथे कोणी काही करायचे नसते अशी जमीन.’ मी तांबड्या शाईने खूण केली आणि बाजूला लिहिले, ‘चूक. जिथे बांधकाम करायला बंदी आहे अशी जमीन.’ वह्या परत दिल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘सर, आमच्या खाजणात तर खरेच कोणी काही करत नाही.’

तिचे घर आणि माझे घर एकाच वाड्यावर आहे. तिने सांगितलेले खाजण माझ्याही रोजच्या वाटेवरचे. मी तांबडी खूण खोडली नाही, पण हा लेख त्या खुणेपासून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी खाजण म्हणजे काय ते थोडे विस्ताराने सांगतो. गोव्यातल्या नद्या उतरत्या नाहीत. समुद्राची भरती मांडवी-जुवारीच्या पात्रातून कित्येक मैल आत चढते आणि त्या पाण्याबरोबर मीठ येते. या नद्यांच्या काठची सखल, दलदलीची जमीन पूर्वजांनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवली आणि तिथे भाताची शेती केली. हीच खाजण जमीन. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिचा पातळीचा हिशेब मोठा नाजूक असतो. भरतीच्या वेळी बांधाच्या बाहेरचे पाणी आतल्या शेतापेक्षा उंच असते. म्हणजे खाजणात उभे राहून नदीकडे पाहायचे तर मान किंचित वर करावी लागते. बांदिवडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात, जो सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो, ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. शब्द तेव्हापासूनचा, आणि बांध घालून जमीन मिळवण्याची विद्याही निदान तेवढी जुनी.

गोव्याचा शेतकरी जमिनीला तिच्या जागेवरून नावे देतो. उंचवट्यावरची ती मोरड, वाळूमिश्रित ती खेर, खाऱ्या पाण्याच्या कुशीतली ती खाजण. हंगामही दोन : पावसाळी तो सरद, उन्हाळी तो वायंगण. खाजणात मुख्य पीक सरदाचे. मे महिन्यापर्यंत जमीन तापून भेगाळते, वर मिठाचा पांढरा थर दिसतो. पहिल्या जोरदार पावसांत तो थर विरघळतो, आणि ते खारट पाणी सुकतीच्या वेळी बाहेर काढले की जमीन पेरणीला मोकळी होते. मग मोड आणलेले बी पडते. कोरगुट हे इथले खरे वाण : उंच वाढणारे, खारेपणा सोसणारे, तांबूस तांदळाचे. जया आणि ज्योती या वाणांचे उत्पन्न जास्त, म्हणून ती गावोगाव पसरली, पण बांधातून खारे पाणी पाझरले की ती मान टाकतात. जुन्या गोव्याजवळच्या एला येथील कृषी संशोधन संस्थेने खारेपणा सोसणारी ‘गोवा धान’ मालिकेतली वाणे काढली, त्यांतल्या काहींचे मूळ कोरगुटातच आहे.

आता मानशीविषयी. कारण खाजणाचे सगळे कौशल्य आणि सगळे भांडण मानशीत आहे.

बांधाला एका ठिकाणी तोंड ठेवलेले असते, जांभ्या दगडात बांधलेले. त्यात लाकडी झडपा बसवलेल्या असतात. हीच मानस. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी झडपांवर दाब देते आणि त्या आपोआप मिटतात. सुकती लागली की आतल्या पाण्याचा दाब वाढतो, झडपा उघडतात आणि शेतातले साचलेले पाणी नदीत जाते. दिवसातून दोनदा, कोणी न सांगता, इंजिन किंवा वीज न लागता हे चालते. मानशीच्या आतल्या बाजूला एक खोलगट पोंय असते. पावसाचे पाणी आधी तिच्यात साठते आणि चुकून आत आलेले खारे पाणीही शेतापर्यंत पोचण्याआधी तिच्यात थांबते. तिच्यात सुंगटे, शेवटे, चोणक, कुर्ल्या वाढतात. सुकतीला, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, मानशीच्या तोंडाला जाळे लावले की ती मासळी मिळते. हा मासळीचा हक्क दरवर्षी पावणीवर चढतो, म्हणजे त्याचा जाहीर लिलाव होतो, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी रीत होती. भात आणि मासळी एकाच पाण्यावर जगत आणि मासळी बांधाचा खर्च उचले. मुलांना मी ही गोष्ट अर्थशास्त्राची म्हणून सांगतो, तेव्हा ती त्यांना भाषेच्या तासापेक्षा जास्त आवडते. त्याचे मला वाईट वाटत नाही.

पण झडप आपोआप मिटते म्हणून खाजण आपोआप टिकत नाही. बांधात कुर्ल्या बिळे करतात. बिळातून पाण्याची धार लागली की दोन उधाणांत तिचे भगदाड होते. लाकूड कुजते, झडप वाकडी बसते, फटीत ओंडका अडकतो. म्हणून बांधावरून रोज फिरणारा माणूस लागे, आणि भगदाड पडलेच तर रात्रीच्या रात्री चिखल, पेंढा, बांबू घेऊन धावणारे हात लागत. वर्षातून एकदा, पावसाआधी, सगळा बांध चिखलाने लिंपून घ्यावा लागे.

हे काम कोण करवून घेत असे? गावकरी, म्हणजे पोर्तुगीज कागदांतली कोमुनिदाद. १५२६ साली अफोंसो मेशियाने गावकऱ्यांच्या चालीरीतींची सनद लिहून काढली. त्या चालीरीती पोर्तुगीज येण्याआधीच्या होत्या. त्यांनी फक्त लिहून घेतल्या आणि हळूहळू आपल्या मुठीत आणल्या. गावकरीविषयी आपल्याकडे फार हळवेपणाने लिहिले जाते, तो हळवेपणा मला मान्य नाही. गावकार मोजक्या घराण्यांतले, आणि तेही पुरुषच. छातीएवढ्या चिखलात उभा राहून बांध लिंपणारा मात्र बहुधा गावकार नसे. जोण, म्हणजे वार्षिक नफ्याचा वाटा, त्याला मिळत नसे. माझे आजोबा असेच चिखलातले. तेव्हा १९६४च्या कूळ कायद्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याच्या हाती जमीन दिली, हे योग्यच झाले. आमच्या घरी खाजणात दोन तुकडे आहेत, ते त्याच कायद्यामुळे.

मात्र जमिनीची वाटणी झाली तशी राखणीची वाटणी होऊ शकत नव्हती. बांध सगळ्यांचा एकच. कायदा करणाऱ्यांच्याही हे लक्षात आले होते. म्हणून १९७५मध्ये कुळांच्या सामाईक जबाबदारीचे नियम आले आणि गावोगाव टेनंट असोसिएशन, म्हणजे कूळ-संघटना, स्थापन झाल्या. मानशीची पावणी त्यांनी करायची आणि बांध त्यांनी राखायचा. कागदावर व्यवस्था चोख होती. काही गावांत ती अजून चांगली चालते, हेही सांगितले पाहिजे. पण जिथे ती बिघडली, तिथे ती एकाच तऱ्हेने बिघडलेली दिसते. मानस पावणीत घेणाऱ्याला मासळी हवी. खारे पाणी जितके जास्त आत येईल तितकी मासळी जास्त. तो झडप वर बांधून ठेवतो. कडेच्या शेतात मीठ चढते. त्या शेताचा मालक एक हंगाम बुडवतो, दुसऱ्या वर्षी पेरतच नाही. पडीक शेतापाशी बांधावर फिरायला कोणी जात नाही. मग बांध जातो. बाहेरून खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनीही नदीकाठचे बांध वर्षानुवर्षे खचवले आहेत, आणि घरातली तरुण मुले नोकरीला गेली हेही खरेच. पण आमच्या गावात सुरुवात झडपेपासून झाली.

आमचा बांध मानशीच्या पलीकडे एका गणेशचतुर्थीच्या आदल्या उधाणात फुटला. पीक पोटरीत होते. लोक धावले, पण पंधरा माणसेही जमली नाहीत. सणाच्या दिवसांत गावात माणसे असतात, फक्त चिखलात उतरायची सवय कोणाला उरली नव्हती. मीही उतरलो आणि गुडघ्याएवढ्या चिखलात रुतून दुसऱ्याच्या हाताला धरून बाहेर आलो. पुढे सरकारी खर्चाने तेवढा तुकडा दगडाने बांधला गेला, पण तोवर तीन हंगाम गेले होते. या तीन वर्षांत आमच्या तुकड्यांत तिवरांची रोपे उभी राहिली. आता ती माझ्या कमरेएवढी आहेत.

इथे दोन संरक्षणे एकमेकांसमोर उभी राहतात. २०११च्या किनारी विनियमन अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत : खाजण जमिनींचे नकाशे करावेत, त्यांच्या काठची खारफुटी राखावी, खाजणांचा व्यवस्थापन आराखडा तयार करावा, आणि खाजणात विकासकामे होऊ देऊ नयेत. ही तरतूद नसती तर आमच्या खाजणात आज कदाचित इमारती असत्या, त्यामुळे तिच्याविषयी मी कृतज्ञच आहे. पण खारफुटीही संरक्षित आणि खाजणही संरक्षित. पडीक शेतात एकदा तिवरे वाढली की ती जमीन पुन्हा भाताखाली आणायला शेतकरी घाबरतो, आणि घाबरणे योग्यच आहे. झाड तेच असले तरी बांधाच्या बाहेर ते लाटांचा मार सोसून बांधाचे रक्षण करते, आणि आत उगवले तर शेत बुडाल्याची ती खूण असते. नकाशात हिरवा रंग मात्र एकच.

आराखड्याचा मसुदा समजावून सांगण्यासाठी गावात एक बैठक झाली. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर रंगांचे पट्टे. अधिकारी तरुण होता आणि मनापासून सांगत होता : हे क्षेत्र संरक्षित, हेही संरक्षित, इथे बंदी, इथेही बंदी. सगळे ऐकून झाल्यावर मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे वळले. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला येते, म्हणून बहुधा. म्हणाले, “मास्तर, बांद कोणें राखचो तें हातूंत खंय बरयलां?” बांध कोणी राखायचा ते यात कुठे लिहिले आहे? मी पाने चाळली. कुठे काय करू नये ते सविस्तर होते. पावसाआधी बांध कोणी लिंपायचा, पैसे कोठून यायचे, झडपेवर कोणाचा अधिकार, यांपैकी काही नव्हते.

मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला तिथे दोन शब्द दिसले. ‘संरक्षण’ हा आराखड्यातला शब्द आणि ‘राखण’ हा गावाचा शब्द. दोन्हींच्या मुळाशी ‘रक्ष्’ हाच धातू. पण आज ‘संरक्षित क्षेत्र’ म्हटले की डोळ्यांसमोर कुंपण येते, कोणालातरी बाहेर ठेवणे येते. ‘राखण’ म्हटले की डोळ्यांसमोर माणूस येतो : शेताची राखण करणारा, रात्री जागणारा. गोव्यात तर गावाच्या सीमेवर राखणदार मानतात आणि त्याला नेमाने रोट देतात. वर्षाचा नेम चुकला तर राखणदार रागावतो ही श्रद्धा बाजूला ठेवली, तरी वर्षाचा नेम चुकला तर बांध फुटतो ही गोष्ट राहतेच. जंगलाला माणसाने एकटे सोडले तर त्याचे बहुधा भलेच होते. खाजणाचे तसे नाही. ते माणसाने घडवलेले आहे आणि माणूस हटला की काही वर्षांत ते खाजण राहत नाही. म्हणून त्याच्या संरक्षणाचा आराखडा म्हणजे मुळात श्रमाचा आणि पैशाचा आराखडा असायला हवा. तो अजून तसा नाही, आणि हे सांगायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

तसा आराखडा करायचा झाला तर काय लिहावे लागेल? पहिली गोष्ट दरवर्षीच्या लिंपणाची. फुटलेल्या बांधासाठी निधी मिळतो, न फुटलेल्यासाठी मिळत नाही, ही आजची रीत उलटवली पाहिजे. मानशीच्या पावणीच्या पैशातला ठरलेला भाग बांधाच्या खात्यात जावा आणि ते खाते गावाला पाहता यावे. सरदात झडप भातासाठी, कापणीनंतर मासळीसाठी, हा जुना क्रम पावणीच्या करारात महिन्यांसह लिहिला जावा. आज तो करारात एक ओळीचाही नसतो असे मी पाहिले आहे. नकाशात बांधाबाहेरची खारफुटी आणि बांधाआतली खारफुटी वेगळी दाखवावी आणि आतल्या जमिनीबद्दल गाव, शेती खाते व वन खाते यांनी एकत्र बसून तुकड्या-तुकड्याचा निर्णय करावा. काही तुकडे आता परत मिळणार नाहीत. तिथे तिवरे राहू द्यावीत. हे मी आमचे तुकडे डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे, आणि लिहिताना सोपे वाटत नाही. समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा बांधाची जुनी उंची पुरणार नाही. पण नुसता दगडी बांध उंच केला तर त्याला फट पडल्यावर चिखलाने बुजवता येत नाही, हेही जाणत्यांना विचारावे. शेवटी कोरगुटासारख्या वाणाला बाजारात त्याचा भाव मिळाला तरच ते पेरले जाईल. नुसत्या अभिमानाने पेरणी होत नाही.

ही केवळ गोव्याची गोष्ट आहे असे समजू नये. कारवारच्या खाली, कुमठ्याजवळ अघनाशिनीच्या खाडीत अशाच जमिनींना ‘गझनी’ म्हणतात आणि तिथले खारेपणा सोसणारे भात ‘कग्गा’. केरळात पोक्कळी भात आणि सुंगटे आलटून-पालटून घेतात. तिथल्याच कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालच्या शेतीला २०१३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. ठाणे-रायगडच्या खारपट्ट्यात बांध घालून सोडवलेल्या जमिनीची ‘शिलोत्री’ नावाची पद्धत होती. स्वातंत्र्यानंतर तिथले बांध हळूहळू सरकारी योजनांकडे गेले. बेळगावच्या किंवा हैदराबादच्या वाचकाला खाडी नसेल, पण गावाच्या तळ्याचा सांडवा आणि पाटाची पाळी त्याला ठाऊक आहे. तिथेही प्रश्न हाच असतो : पाळी कोणाची, आणि गाळ कोणी काढायचा.

शिक्षकांसाठी थोडे. त्या मुलीच्या उत्तरानंतर मी घटक बदलला. आता मुले वर्षातून चार वेळा खाजणात जातात : मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर, जुलैत पेरणीनंतर, ऑक्टोबरात कापणीला, आणि जानेवारीत एका उधाणाला मानशीवर. प्रत्येकाकडे वही असते. ऐकलेला शब्द, तो कोणी वापरला, कोणत्या कामात वापरला, एवढेच लिहायचे. अर्थ शेवटी लिहायचा. आधी अर्थ लिहिला की मुले कोशातला अर्थ लिहितात. पहिल्या वर्षी मी स्वतः एक चूक केली. मुलांनी आणलेले बोलीतले शब्द मी ‘शुद्ध’ मराठीत फिरवून फळ्यावर लिहिले. सुकतीचे ओहोटी केले, मेरेचे बांध केले. एका मुलाने विचारले, ‘मेर जर बांध, तर मग बांधाला काय म्हणायचे?’ मेर ही दोन शेतांमधली, पायाने ओलांडायची. बांध तो नदीचा. माझ्या शुद्धलेखनात नदी आणि शेजारी एक झाले होते. गोव्यात मराठी आणि कोकणी यांच्या वादात पुष्कळ शाई खर्च झाली आहे. खाजणातले शब्द कोणत्या भाषेचे हा प्रश्न आमच्या वर्गात निघाला नाही, कारण घरी सगळेच ते वापरतात आणि वहीत सगळेच ते मराठी वाक्यात लिहितात. लेखकांना एवढेच सुचवतो की असा शब्द वापरताना त्याला तिरप्या ठशात टाकून पाहुण्यासारखे वागवू नये.

आराखड्याच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना द्यायच्या होत्या. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याप्रमाणे मराठीतून अर्ज करता येतो. मुलांनी दोन पानांचे निवेदन मराठीत तयार केले. त्यात मागण्या थोड्याच होत्या, आणि सोबत शब्दांची यादी जोडली होती, कारण मानस, पोंय, मेर हे शब्द मसुद्यात एकदाही आले नव्हते. ज्या गोष्टीचे नाव कागदात नाही तिच्यासाठी पैसे मागायचे तरी कोणत्या रकान्यात? निवेदनाची पोच मिळाली. उत्तर अजून आलेले नाही. मात्र ग्रामसभेत ते वाचले गेले, आणि यंदाच्या पावणीच्या करारात झडप कोणत्या महिन्यांत मिटलेली ठेवायची ते पहिल्यांदाच लिहिले गेले. ‘सरद संपेपर्यंत’ असे शब्द आहेत. तारीख घालावी की नको यावर अर्धा तास वाद झाला. सरद कधी संपतो ते पावसावर ठरते, तारखेवर नाही, असे जुन्या लोकांचे म्हणणे पडले आणि तसेच राहिले.

मे महिन्यात बांध लिंपायचे ठरले आहे. ‘चूक’ असा शेरा मिळालेली ती मुलगी आता बारावीला आहे. शेवटचा पेपर झाला की येते म्हणाली आहे. चिखल कुठून काढायचा ते दाखवायला ते वृद्ध शेतकरी येणार आहेत. बांधाच्या आतल्या बाजूने काढला तर शेत खोल होते, बाहेरून काढला तर तिवरांची मुळे उघडी पडतात. नेमकी जागा त्यांनाच माहीत आहे, आणि ती आमच्या वहीत अजून उतरलेली नाही.